शुक्रवारचा उशीर

शुक्रवारी शाळेची तीन नंबरची बस उशिरा सुटायची. इतर चार दिवस तिच्यावर घड्याळ लावावं इतकी ती वेळेवर. शुक्रवारी मात्र बाकीच्या सगळ्या गाड्या फाटकाबाहेर पडल्या तरी ही आपली पटांगणात उभी. इंजिन बंद, खिडक्या उघड्या आणि आतून मधूनच हसण्याचा गलका. ड्रायव्हरकाका स्टिअरिंगवर कोपरं टेकून जांभया देत बसायचे.

"चालू द्या तुमचं संमेलन," ते म्हणायचे. "म्हातारा काय, इथेच बसलाय."

हे संमेलन भरवणाऱ्या बसमधल्या मावशी साठीला टेकल्या होत्या. बसवर येण्याआधी अकरा वर्षं त्यांनी एका इस्पितळाच्या कपडाखोलीत चादरींच्या घड्या घातल्या. नवरा गेला, मुलगा लांब नोकरीला लागला, आणि रिकामं घर खायला उठलं तेव्हा त्या शाळेच्या बसवर आल्या. काम सोपं होतं आणि चुकून चालणारं नव्हतं. मुलं चढताना मोजायची, उतरताना मोजायची आणि प्रत्येक मूल घरच्या माणसाच्या हातात द्यायचं. घरचं कुणी थांब्यावर नसेल तर मूल उतरवायचं नाही. गाडी उभी करून वाट बघायची. सोळा वर्षांत मावशींची मोजणी एकदाही चुकली नव्हती.

संमेलनाची गोष्ट अशी. नऊ वर्षांपूर्वी या गाडीत एक तोतरा मुलगा होता. पोरं त्याची नक्कल करायची. एकदा ती नक्कल इतकी हुबेहूब झाली की मावशींनाही हसू फुटलं. त्या मुलानं नक्कल करणाऱ्याकडे पाहिलंच नाही, तो मावशींकडे बघत राहिला. महिन्याभरात त्याच्या आईनं त्याला शाळेतून काढलं. मावशींनी कानाला खडा लावला. पुढच्या सोमवारपासून त्यांनी जागा बदलायला सुरुवात केली. दर सोमवारी प्रत्येकाला नवा शेजारी, आणि शुक्रवारी गाडी सुटण्याआधी त्या शेजाऱ्याची एक चांगली गोष्ट सगळ्यांसमोर सांगायची. कपडे आणि मार्क सोडून. आणि बघितलेलं सांगायचं, ऐकलेलं नाही.

त्यामुळे तीन नंबरच्या पोरांची नजर तयार झाली होती. "पैलवान शिंकताना तोंड खिडकीकडे करतो," असं कुणी सांगे. "रेडिओ रडायला लागली की लवकर थांबते, आपला वेळ घेत नाही." मग गाडीभर हशा. पैलवान हा दुसरीतला गोलमटोल मुलगा, आणि रेडिओ ही तिसरीतली मुलगी, नावाप्रमाणेच अखंड चालू. नावं मुलांनीच ठेवलेली, आणि मावशींनीही ती उचललेली.

या वर्षी मनी आली. आठ वर्षांची, तिसरीतच. मांजरीसारखी पाय न वाजवता चालते म्हणून पहिल्याच आठवड्यात तिची मनी झाली. तिला नाव आवडलं की नाही ते कळलं नाही, कारण ती काही बोललीच नाही.

पहिल्या शुक्रवारी पैलवान म्हणाला, "हिच्या शेजारी मस्त झोप लागते. आवाजच येत नाही."

पुढच्या शुक्रवारी दुसरी एक मुलगी म्हणाली, "मी चुकून हिच्या पायावर पाय दिला, तरी हीच सॉरी म्हणाली."

मग हळूहळू यादी वाढत गेली. तिचं खोडरबर कुणी घेतलं तरी ती सांगत नाही. तिला कधीच काही नको असतं. सोमवारी ती आपणहून उभी राहते आणि बसायची जागा दुसऱ्याला देते. शुक्रवारी सगळ्यांची दप्तरं दारापाशी आणून ठेवते, म्हणजे ज्याला त्याला पटकन उतरता यावं.

ऐकताना मावशींचा ऊर भरून यायचा. नऊ वर्षं पेरलेलं एकदम असं उगवून आलं, असं त्यांना वाटे. त्यांनी मोठ्या बाईंना, म्हणजे मुख्याध्यापिकाबाईंना, मुद्दाम जाऊन सांगितलं, "अशी गुणी पोर मी पाहिली नाही हो."

मनीच्या वडिलांनाही त्यांनी सांगितलं. मनी सगळ्यात शेवटच्या थांब्यावर उतरायची, एकटीच. तिची आई दूरच्या गावी नोकरीला होती आणि महिन्यातून एकदा यायची. वडील कारखान्यात टाइमकीपर. कोणता कामगार किती वाजता आत आला आणि किती वाजता बाहेर पडला, हे लिहिणारा माणूस. सकाळची पाळी संपवून तो चारला थांब्यावर हजर असे, एक दिवस चुकत नसे. इस्त्रीचा शर्ट, नीट भांग आणि बोलणं तर असं गोड की ऐकत राहावं. बसची पायरी डुगडुगत होती ती त्यानं एका रविवारी शाळेत येऊन स्वतः पक्की करून दिली. मुलं त्याला घड्याळकाका म्हणायची.

"तुमची मुलगी म्हणजे सोनं आहे, साहेब," मावशी म्हणाल्या.

"वळण लावावं लागतं, मावशी," तो नम्रपणे म्हणाला. "आपोआप काही होत नाही."

शुक्रवारी बसचं दार उघडलं की तो मनगटावर नजर टाकायचा आणि उशिराच्या मिनिटांचा नुसता आकडा हसून सांगायचा. "चार, मावशी."

"गरिबाला एक सूट द्या की, साहेब! तीन म्हणा."

"बरं. तीन."

असा त्यांचा दर शुक्रवारचा खेळ. मावशींना तो आवडायचा. एकदा तो "चार" म्हणाला तेव्हा त्यांनी आपलंच घड्याळ त्याच्यापुढे नाचवलं. "चार कसले? पाच झाले, पाच! उगीच खोटं कशाला बोलू?"

तो मनापासून हसला. "मान्य. पाच."

मनी खाली मान घालून उभी होती. मावशींनी तिच्या गालाला हात लावला, तेव्हा तिनं डोळे घट्ट मिटले. लाजली, असं मावशींना वाटलं.

ड्रायव्हरकाकांना मात्र हे प्रकरण पहिल्यापासून रुचलं नव्हतं. एकदा गाडी वळवताना ते म्हणाले, "मावशी, ती पोर पोरासारखी नाही."

"म्हणजे?"

"पोर म्हटलं की हट्ट करणार, खोटं बोलणार, नाक पुसायला तुमचा पदर घेणार. ही बघा, सरकारी पाहुण्यासारखी बसते. आणि मला आरशात दिसतं. तो माणूस तिचा हात धरून नेत नाही. मनगट धरून नेतो."

"तेच ते."

"तेच ते नाही."

"तुमच्या डोळ्यांना कुणाचं चांगलं म्हणून दिसतच नाही," मावशी फणकाऱ्यानं म्हणाल्या. "तुम्हाला माझ्या शुक्रवारी बसवलं पाहिजे."

"बसवा. तुमचं चांगलं सांगेन. मावशींना डास चावला तरी म्हणतील, बिचारा उपाशी होता."

मावशींना हसू आलं, आणि विषय तिथेच राहिला.

एका शुक्रवारी पैलवानाची पाण्याची बाटली हरवली. ती शोधण्यात वेळ गेला, मग संमेलन सुरू झालं. त्या आठवड्यात मनीच्या शेजारी रेडिओ होती. तिची पाळी सगळ्यात शेवटी. ती घसा खाकरून उभी राहिली, तेवढ्यात मनीनं तिची बाही ओढली आणि अगदी हळू म्हणाली, "राहू दे ना. उशीर होतोय." मनीनं कुणाला काही मागितल्याचं मावशींनी प्रथमच ऐकलं. त्यांना कौतुक वाटलं.

"बरं बाई. रेडिओ, तू मग सांग. चला काका."

गाडी सुटली. मनी जागेवर बसली नाही. दप्तरांचा ढीग दारापाशी रचून ती दांडा धरून उभी राहिली. थांबा आला की ज्याचं त्याचं दप्तर खांद्याला लावून द्यायची, मूल उतरलं की रस्त्याकडे बघायची. मुलं एकेक करून कमी झाली. शेवटून दुसरा थांबा रेडिओचा. तिची आई खाली उभी होती. रेडिओ पायरीवर उतरली आणि मागे वळली.

"अहो मावशी, माझं राहिलंच की! मनीचं चांगलं. ती शूर आहे. तिला घरी मिनिटाला दोन मिळतात आणि ती एकदाही रडत नाही."

"काय मिळतात?"

"पट्ट्या. बस जितकी मिनिटं उशिरा येईल त्याच्या दुप्पट. ती उभी राहते ना सोमवारी, म्हणून मी विचारलं. वळसुद्धा मी बघितलेत, मावशी, ऐकलेलं नाही सांगत." आणि ती टुणकन उडी मारून आईचा हात धरून निघून गेली.

दार बंद झालं. गाडी पुढे निघाली. शेवटच्या थांब्याला सात मिनिटं लागायची.

मावशी सीटवर बसल्या. नऊ वर्षांचे शुक्रवार बाजूला राहिले, डोळ्यांपुढे फक्त या वर्षाचे आले. चार, मावशी. तीन म्हणा, साहेब. पाच झाले, पाच.

"मने," त्या म्हणाल्या, "इकडे ये बाळ."

मनी आली. समोर उभी राहिली.

"रेडिओ म्हणाली ते खरं?"

 मनीनं मावशींच्या मनगटावरच्या घड्याळाकडे बघितलं. "मावशी, आज अकरा झालीत ना?"

"शाळेच्या घड्याळानं नऊच झालीत गं."

"बाबा शाळेचं धरत नाहीत."

आरशात ड्रायव्हरकाकांचे डोळे दिसले. ते रस्त्याकडे बघत नव्हते. मग बघू लागले. बाहेर दुकानं, पिंपळाएवढी मोठी जाहिरातीची पाटी, पेट्रोल पंप, रोजचं सगळं रोजच्यासारखंच मागे जात होतं. मग वळण आलं, आणि वळणापलीकडे थांबा, आणि थांब्यावर इस्त्रीचा शर्ट.

गाडी थांबली. ड्रायव्हरकाकांचा हात दाराच्या कळीवर गेला. "मावशी?"

"उघडू नका."

"घरचं माणूस उभं आहे. नियम तुम्हाला माहीत आहे. नोकरी जाईल."

"माझी जाईल. तुम्ही गाडी वळवा. शाळेत."

तो दाराशी आला होता. काचेतून त्यानं हसून मान हलवली आणि घड्याळाच्या तबकडीवर बोट आपटलं. टक, टक. "अकरा, मावशी," तो बाहेरून म्हणाला.

मावशींनी खिडकी चार बोटं सरकवली. जन्मभरात त्या इतकं सराईत खोटं कधी बोलल्या नव्हत्या. "साहेब, हिला मोठ्या बाईंनी बोलावलंय. कागदावर सही राहिलीय. आत्ता घेऊन येतो."

"मग मीही येतो की. दार उघडा."

"काका, चला," मावशी म्हणाल्या.

गाडी हलली तसं त्याचं हसू गेलं नाही. ते तसंच चेहऱ्यावर राहिलं. पाच मिनिटांनी मावशींनी मागच्या काचेतून पाहिलं. तो स्कूटरवर मागे येत होता. हॉर्न देत नव्हता, पुढे जात नव्हता. गाडी हळू झाली की हळू, वेगात गेली की वेगात. मधलं अंतर तेवढंच.

मनी मावशींच्या मांडीशी उभी होती आणि पुटपुटत होती. मावशींनी कान खाली नेला. पोर आकडे म्हणत होती. "एकोणीस. वीस. एकवीस."

मोठ्या बाई कपाटाला कुलूप लावून निघायच्या बेतात होत्या. मावशींनी मनीला आत नेलं, दार लावलं आणि एका दमात सगळं सांगितलं. बाई ऐकत होत्या आणि त्यांच्या कपाळावरची आठी वाढत होती. बाहेरच्या बाकावर कुणीतरी येऊन बसल्याचा आवाज झाला.

"मावशी, मूल असं पळवून आणता येतं का?" बाई हळू आवाजात म्हणाल्या. "तो गृहस्थ पालक समितीत आहे. आणि त्याच्या मुलीचं कौतुक सांगायला माझ्याकडे तुम्हीच आला होतात ना?"

"मीच आले होते."

"मग? रेडिओचं काय, ती मुलगी दिवसभर काहीही बडबडते."

 मावशींनी मनीकडे पाहिलं. पण मनीच्या बाहीला हात लावायचा त्यांना धीर होईना.

तेव्हा मनी स्वतःच बोलली. वर्गात कविता म्हणायला उभं राहतात तशी सरळ उभी राहून, दाराकडे एकदा बघून.

"बाबा चांगले आहेत," ती म्हणाली. "मी बघितलेलं सांगते. ते रागावून मारत नाहीत. आधी मोजतात. जास्त एकही देत नाहीत. एकदा त्यांचे चार झाले होते, पण मावशी पाच म्हणाल्या, म्हणून त्यांनी पाच धरले. मावशी खोटं बोलत नाहीत, म्हणाले."

 मावशींनी खुर्चीची पाठ धरली.

मोठ्या बाईंनी हातातल्या किल्ल्या टेबलावर ठेवल्या. त्या मनीसमोर गुडघ्यांवर बसल्या आणि म्हणाल्या, "बाळ, मला दाखवशील?" मनीनं बाही वर केली, आणि मग पाठमोरी होऊन झग्याची कड थोडी उचलली. बाईंनी बघितलं. उठल्या, दाराला आतून कडी घातली आणि फोन उचलला.

बालकल्याणच्या दोन बायका आणि एक पोलीस यायला तीस मिनिटं लागली. तेवढा वेळ तो बाकावर शांत बसून होता. बाहेर नेताना त्यानं आवाज चढवला नाही, शिवी दिली नाही. मावशींसमोर आल्यावर थांबला, घड्याळ बघितलं.

"पाच सतरा," तो म्हणाला. "लक्षात राहील, मावशी."

दुसऱ्या दिवशी सकाळी मनीची आई आली, आणि रडून सुजलेल्या डोळ्यांनी तिला घेऊन आजोळी गेली. आजोळ कुठलं ते मोठ्या बाईंनी कागदावर लिहून कपाटात ठेवलं. कुणालाही सांगायचं नाही, असं ठरलं. बुधवारी तो सुटून आला. चौकशी चालू राहील, असं कळलं. गावात कुजबुज झाली. एवढा सज्जन माणूस, बसवाल्या बाईनं बदनाम केला. पैलवानाच्या वडिलांनी थांब्यावर सगळ्यांदेखत टोमणा मारला, "आमच्या पोराला खोकला झाला तरी गाडी फिरवाल का, मावशी?" मावशींनी पैलवानाचं दप्तर त्यांच्या हातात दिलं आणि दार लावलं.

शुक्रवार आला. मुलं संमेलनाची वाट बघत बसली. मावशी पुढच्या सीटवर पाठमोऱ्या बसून राहिल्या. "चला काका," त्या म्हणाल्या.

काकांनी वळून पाहिलं. "आज काही नाही?"

"नाही."

नऊ वर्षांत पहिल्यांदा तीन नंबरची बस शुक्रवारी वेळेवर सुटली. थांब्याथांब्यावर आया धावत पळत आल्या. शेवटी गाडीत रेडिओ तेवढी उरली. ती मावशींच्या शेजारी येऊन बसली आणि कधी नव्हे ती कुजबुजली.

"मावशी, मला माहीत आहे मनी कुठे आहे. तिनं सांगितलं होतं. आजीच्या घरामागे पाण्याची लाल टाकी आहे आणि गावाचं नाव..."

"कुणाला सांगितलंस?" मावशींनी तिच्या तोंडावरच हात ठेवला.

रेडिओनं मान हलवली. हात काढल्यावर म्हणाली, "कुणालाच नाही. कुणी विचारलंच नाही."

गाडी तिच्या थांब्यावर थांबली. रेडिओची आई आली नव्हती. शुक्रवारी बस उशिरा येते, याची तिला सवय होती. थांब्यावर एकच माणूस उभा होता, इस्त्रीच्या शर्टात. दाढी वाढलेली.

"दार राहू द्या," मावशी म्हणाल्या.

"उघडलेलं नाही," काका म्हणाले. इंजिन त्यांनी चालू ठेवलं होतं.

तो मावशींकडे बघत नव्हता. तो रेडिओच्या खिडकीकडे गेला. "बाळ," तो काचेपाशी वाकून म्हणाला, "मनी तुझी मैत्रीण ना गं? ती तुला काही बोलली होती का, आजीबद्दल? मला तिच्याशी फक्त बोलायचंय. घरात कुणी नाही गं माझ्या."

मावशी उठल्या आणि रेडिओच्या व खिडकीच्या मध्ये उभ्या राहिल्या. मागून रेडिओनं त्यांचा पदर धरला.

"मावशी, ते रडतायत."

मावशींनी बघितलं. रडत होता. इतक्या वर्षांत खोटं रडणं त्यांनी रोज पाहिलं होतं, हे तसलं नव्हतं.

"हो," त्या म्हणाल्या. "रडतायत. खरंच रडतायत."

"मग त्यांना बरं वाटायला सांगू या ना. एकटे आहेत ते. तुम्हीच म्हणता ना, दुसऱ्याला काय वाटतं ते बघायचं."

"बघितलंस ते बरोबर बघितलंस. वाईट वाटतंय त्यांना. तरी सांगायचं नाही. एक अक्षर नाही."

"का?"

मावशी वळल्या आणि सीटच्या मधल्या वाटेत खाली बसल्या, म्हणजे पोरीच्या डोळ्यांत बघता यावं. पाठीमागे काचेवर बोट वाजत होतं, हळू, सारख्या अंतरानं. हे सांगायला नऊ वर्षं उशीर झाला होता आणि ते कुठून सुरू करावं हे त्यांना माहीत नव्हतं.

"मनीला काय वाटेल, ते आधी बघ," त्या म्हणाल्या. "डोळे मीट आणि बघ. दार वाजलं. मनीनं उघडलं. दारात कोण आहे?"

रेडिओनं डोळे मिटले. थोड्या वेळानं तिचा चेहरा बदलला, आणि तिनं दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं.

बाहेर तो सरळ उभा राहिला. रुमालानं डोळे पुसले, रुमालाची नीट घडी केली, घड्याळ बघितलं, पण गेला नाही. रस्ता लांबवर मोकळा होता. रेडिओची आई यायला अजून पाच मिनिटं होती, आणि ती येईपर्यंत गाडी इथून हलवता येणार नव्हती.